ओल्या कपड्यांचं वजन

सरांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, पाय राहत. कॉलेजच्या जिन्यात समोरून कुणी आलं की ते आधी खाली बघायचे आणि मग वर बघून नमस्कार करायचे. माझं नाव त्यांना वर्षभर ठाऊक होतं, तरी एकदा त्यांनी शिपायाकडे निरोप दिला, "त्या अंगठ्याच्या चपला घालणाऱ्या बाईंना म्हणावं, जर्नल घेऊन जा."

ते आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. पन्नाशीच्या आतबाहेरचे, एकटे, उंच, खांद्यात जरा वाकलेले. प्रयोगशाळेत कामापुरतं बोलत. पण रविवारी सकाळी आनंदवलीच्या वरच्या अंगाला, जिथं गोदावरी पसरून संथ झालेली असे, तिथं ते आम्हाला होडी वल्हवायला शिकवत. कॉलेजच्या तीन लाकडी होड्या होत्या आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबा. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. गंगापूर रोडला शहर तेव्हा लवकर संपायचं आणि द्राक्षांचे मळे सुरू व्हायचे.

होडी शिकवत असं म्हणते खरं, पण पहिले तीन रविवार ते होडीला हात लावू देत नसत. पहिले तीन रविवार कपड्यांचे.

करंजाच्या फांदीला त्यांनी प्रयोगशाळेतला ताणकाटा टांगलेला असायचा. नव्या मुलानं आणलेला कपडा आधी कोरडा काट्याला लावायचा, मग नदीत बुचकळायचा आणि न पिळता पुन्हा लावायचा. मुलं हसायची. बेलबॉटमचा काटा खाली खाली जाताना पाहिला की मात्र हसणं थांबायचं.

"एवढं पायाला बांधून तू पोहणार आहेस," सर म्हणायचे. "पोहून दाखव."

आवाज कधी चढला नाही त्यांचा. हातानं विणलेला जाड स्वेटर त्यांना चालत नसे, डिसेंबरच्या थंडीतही. अंगाबरोबरचा लोकरी बनियन आत आणि वर टेरिलिनचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत. टेरिलिन पाणी धरत नाही, लगेच वाळतं. पँट गुडघ्याच्या खाली चार बोटं, तिथं बटणानं आवळलेली. बांगड्या काठावर. वेणी दुमडून पिनांनी घट्ट. चष्मेवाल्यानं चष्म्याला दोरी लावून ती मानेमागे बांधायची. आणि प्रत्येकानं एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाडाखाली ठेवायची. ती नसेल त्यानं घरी जायचं. "भिजणार आहेस हे कबूल करून ये," म्हणायचे. "न भिजण्याची तयारी करून येणाराच बुडतो."

पायांचं प्रकरण वेगळंच होतं. अनवाणी उतरायला बंदी, कारण तळाशी शिंपल्या, काचा आणि बाभळीचे काटे. चपला पाण्यात निघून जातात आणि माणूस त्यांच्यामागे जातो. गमबूट तर त्यांच्या लेखी शत्रू. एका श्रीमंत द्राक्षबागाईतदाराचा मुलगा नवेकोरे गमबूट घालून आला, तेव्हा सरांनी त्याला गुडघाभर पाण्यात उभं केलं, बूट भरू दिले आणि सांगितलं, "आता पाय उचल." त्याला उचलता येईना. मग स्वतःच वाकून त्यांनी त्याचे पाय मोकळे केले.

चालायचे ते फक्त कॅनव्हासचे बूट, तेही भोकं पाडलेले. सर स्पिरिटच्या दिव्यावर दाभण लाल करायचे आणि प्रत्येकाच्या नव्या बुटांना तळव्याजवळ दोन्ही बाजूंनी भोकं पाडायचे, आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. नाडीची दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचायची. घरोघरी यावरून भांडणं झाली. आमच्याकडेही झालं. माझी आई सायखेड्याची. शेतातली माणसं तिची, नदीकाठची. ती बूट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"नव्या बुटाला भोकं पाडतो, त्यो मास्तर हाय का मोची?"

मी कारण सांगितलं. तिनं भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "शहाणा हाय. पुराच्या पाण्यात आमच्याकडं माणसं धोतरानं गेली, पाण्यानं नाय." आणि वडिलांच्या एका जुन्या पँटमधून तिनं मशिनवर माझी गुडघ्याखालची विजार शिवून दिली. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या वस्तीतली पोरगी पँट घालून नदीवर जाते म्हणून चार माणसं बोलली, तर ते म्हणाले, "माझी मुलगी शिकायला जाते." तेवढ्यावर तो विषय मिटला.

सरांचं हे वेड काठावर थांबत नसे. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात, भोकांचे बूट घालूनच ते गेले होते. नवऱ्या मुलाला अहेर दिला, त्याच्या जरीच्या शेल्याला चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे घालून नावेत बसू नका." नवरीची आई रडकुंडीला आली. त्यांच्याबद्दल नाना गोष्टी होत्या: लहान भाऊ वाहून गेला, बायको वाहून गेली, सैन्यात असताना पूल तुटला. मी एकदा धीर करून विचारलं.

"काही घडावंच लागतं का?" ते म्हणाले. "आधी विचार करून कळत नाही? माझ्या माहितीत कुणी बुडालेलं नाही. बुडू नये, एवढंच."

प्रयोगशाळेत ते आम्हाला अहोजाहो करत. नदीवर गेलं की अरेतुरे. ते आपलेपण आम्हाला आठवडाभर पुरायचं.

शैला माझ्या वर्गातली. पंचवटीत त्यांचं घर. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे, लोक त्यांना गुरुजी म्हणत. बारीक, सावळी, सतत काहीतरी पुटपुटणारी मुलगी. गोदावरी घरापासून हाकेवर, पण ती नदी तिनं पायऱ्यांवरूनच पाहिलेली. वल्हवायचं तिच्या मनानं घेतलं आणि तिला दुसरं काही सुचेना. पण घरात पँट घालायला सक्त मनाई होती. पहिल्या रविवारी ती साडी नेसून आली. सरांनी काट्याकडे बोट दाखवलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली.

"नाही."

"सर, मी काष्टा मारते."

"नाही."

ती काठावर बसून राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, पुन्हा बसली. असे दोनेक महिने गेले. आमच्या कोरड्या पिशव्या ती सांभाळायची. सर तिच्याशी बोलत नसत, तिच्याकडे बघतही नसत. त्याचा मला राग यायला लागला. एक दिवस होडी काठाला लावताना मी बोलून गेले.

"सर, तिचे वडील तिला पँट घालू देत नाहीत आणि तुम्ही पँटशिवाय होडीत बसू देत नाही. तुम्ही दोघांनी मिळून तिला काठावर बसवलंय. तिनं करायचं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पायांकडे नाही, तोंडाकडे.  त्याच दुपारी ते सायकलवर ताणकाटा अडकवून पंचवटीत गेले.

शैलानं ते सगळं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हसून हसून आणि शेवटी रडून. सरांनी ओसरीवर बादली मागितली, घरातलं एक जुनं नऊवारी लुगडं मागितलं आणि गुरुजींच्या डोळ्यांदेखत कोरडं आणि ओलं तोलून दाखवलं. गुरुजी सभ्य माणूस. सगळं शांतपणे पाहून म्हणाले, "आमच्या घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या लुगड्यातच गोदेत बुडी मारत आल्या. कुणी बुडाली नाही."

"काठाची साखळी धरून मारतात," सर म्हणाले. "मी साखळी सोडायला शिकवतो."

 शेवटी तोड निघाली. पँट नाही, पण पंजाबी ड्रेस चालेल, सलवार खाली आवळून घेतलेली. सरांची एकच अट, ओढणी काठावर राहील. गुरुजींनी हो म्हटलं.

पाच रविवार शैलानं वल्हवलं. तिच्यासारखी लय आमच्यात कुणाचीच नव्हती. वल्हं पाण्यात जाताना आवाज होत नसे. सर काठावरून बघायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. सरांना असं कधी पाहिलं नव्हतं आम्ही.

सहाव्या रविवारी ती उशिरा आली. ओढणी अंगावर होती आणि ती काढीना. सर आणि मी होडीपाशी उभे होतो, बाकीची मुलं पुढे गेली होती. शैला अगदी हळू बोलली.

"सर, कुणीतरी बाबांना सांगितलं. रस्त्यावरून लोक बघतात म्हणे. बाबांनी शपथ घातलीय. ओढणी काढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाले."

"मग आज बस काठावर."

"सर, आज बसले तर ते पुढच्या रविवारी येऊच देणार नाहीत. बसायचंच तर घरी बस म्हणतील."

सर तिच्या बुटांकडे बघत राहिले.  मी मध्ये बोलले नाही, पण माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांना दिसत असणार. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ती ओढणी तिच्या खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट बांधली आणि टोकं आत खोचली.

"आज काठाकाठानं," ते म्हणाले. "मधल्या धारेत जायचं नाही. मी मागच्या होडीत आहे."

शैला आणि मी काठाकाठानंच गेलो. धरणातून त्या आठवड्यात पाणी सोडलं होतं, ओढ नेहमीपेक्षा जास्त होती, पण फार नाही. काठाची एक बाभळ पावसाळ्यात कलंडून पाण्यात गेली होती. मधल्या धारेत असतो तर ती आम्हाला लागलीच नसती. होडीची बाजू फांदीला घासली, शैलानं फांदी हातानं दूर लोटू पाहिली आणि होडी उलटली.

मी वर आले. बूट हलके होते, पँट हलकी होती, होडीची ट्यूब हाताला लागली. शैला वर आली नाही. तिला पोहता येत होतं. ओढणीची खोचलेली टोकं सुटून पाण्याखालच्या काटेरी फांद्यांत गुरफटली होती. सर होडीतून उडी टाकून तिच्यापर्यंत पोचले. त्यांच्या कमरेला चाकू असायचा. त्यांनी पाण्याखाली दोनतीनदा बुडी मारून ती ओढणी कापली आणि तिला वर आणलं. काठावर पालथं घातलं, पाणी काढलं, तोंडानं श्वास दिला. ते थांबेनात. मुलांनी शेवटी त्यांचे खांदे धरून त्यांना बाजूला घेतलं. तिच्या पायातले बूट तसेच होते, नाडीची गाठ जशीच्या तशी.

पंधरा दिवसांनी कॉलेजनं चौकशी समिती बसवली. प्राचार्यांच्या खोलीत तिघं होते, आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर गुरुजी. सरांना आधी आत बोलावलं होतं. मी व्हरांड्यात बसले होते, दार उघडंच होतं.

"मुलीच्या अंगावर ओढणी होती, हे तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं. मीच बांधली."

"तुमचेच नियम इतके कडक. मग काढायला का लावली नाहीत?"

 मला गुरुजींचा चेहरा दिसत नव्हता, मांडीवरचे हात दिसत होते.

"चूक झाली," सर म्हणाले.

"काही कारण असेल ना?"

"नाही. चूक झाली."

बाहेर येताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले. "विचारतील तेवढंच सांगा," म्हणाले. मला अहोजाहो केलं. मी आत गेले. होडी कशी उलटली, किती जण होते, सर किती अंतरावर होते, एवढंच विचारलं. मी तेवढंच सांगितलं. गुरुजींनी मान वर केली नाही. शपथेबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. गावात लोक त्यांच्याबद्दल काय बोलले ते इथं लिहीत नाही. 'दुसऱ्यांच्या बुटांना भोकं पाडणारा' एवढंच सौम्य होतं. होड्या काठावर पालथ्या पडून राहिल्या आणि दोन पावसाळ्यांत कुजल्या.

पाचसहा वर्षांनी मला कळलं की ते इगतपुरीला एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतात. तोवर मी शिक्षिका झाले होते, लग्न झालं होतं. जुलैतल्या एका शनिवारी मी गाडीनं गेले. इगतपुरीचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. दिवसा दिवे लावावे लागतात, भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. रेल्वेच्या चाळींमागे त्यांची एक खोली होती. आत दोरीवर दोन सदरे वाळत घातले होते, त्यांना कुबट वास येत होता. सर अंगानं खूप वाळले होते. मला ओळखलं, पण खाली बघून नाही.

"बसा. कपडे ओले झाले तुमचे," एवढंच म्हणाले, आणि स्टोव्ह पेटवायला लागले.

चहा होईपर्यंत मी बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. मग एकदम बोलले.

"सर, मीच तुमच्या मागे लागले होते. तुम्ही बरोबर होतात. मी तसं बोलायला नको होतं."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"तुमचं म्हणणं बरोबर होतं," ते म्हणाले. "ते चूक असतं तर मला इतका त्रास झाला नसता. आम्ही दोघांनी मिळून तिला काठावर बसवलं होतं, हे खरंच होतं. आणि तिला पाण्यात सोडलं तेही दोघांनी मिळूनच."

"मग समितीपुढे बोलला का नाहीत? शपथेचं?"

"त्यांची मुलगी गेली होती," सर म्हणाले. "आणखी काय न्यायचं त्यांच्याकडून?"

 निघताना ते स्टेशनपर्यंत पोचवायला आले नाहीत. दारात उभे राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या भाच्याचं कार्ड आलं. सर गेले होते, न्यूमोनियानं. त्यांच्या पेटीत माझा पत्ता सापडला म्हणून त्यानं कळवलं. अस्थी घेऊन तो अमुक दिवशी रामकुंडावर येणार होता. आमच्यात हे विधी नाहीत. पण मी गेले आणि पायऱ्यांवर बाजूला उभी राहिले.

भाचा नाशिक रोडचा, साधा मुलगा. त्याला कुणी ओळखीचे गुरुजी नव्हते. काठावर जे मोकळे होते त्यांच्यापुढे तो बसला होता, आणि ते शैलाचे वडील होते. म्हातारे झाले होते. भाच्यानं सरांचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातली पळी थांबली. त्यांनी मान वर केली आणि पायऱ्यांवर मी दिसले. मला त्यांनी ओळखलं.

"इकडे ये, बाळ," ते म्हणाले.

मी जवळ गेले.

"तिनं त्या दिवशी सांगितलं होतं का? मी शपथ घातली होती, ते?"

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी मनात किती वेळा दिलं होतं. रागानं दिलं होतं, ओरडून दिलं होतं. त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा साधंच दिलं.

"सांगितलं होतं, काका. सरांना आणि मला."

"आणि तो बोलला नाही."

"नाही."

भाचा आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी डोळे मिटले. शेजारी कुणाचे तरी पिंड चालले होते, एक बाई लहान मुलाला पाण्यापासून मागे ओढत होती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि भाच्याला विचारलं,

"गोत्र?"

"ते काही माहीत नाही, गुरुजी. मामा कधी बोलले नाहीत. माहीत नसलं तर काश्यप म्हणतात ना?"

"म्हणतात," गुरुजी म्हणाले. त्यांनी पळीत पाणी घेतलं. "पण याला माझं लावू."

आणि त्यांनी सरांचं नाव आपल्या गोत्रात उच्चारून पाणी सोडलं.